‘शांत’ : एका विशेषणाचे व्याकरण आणि इतिहास

१

मराठी समीक्षेत ‘शांत’ हे विशेषण जितक्या सहजपणे वापरले जाते, तितक्या सहजपणे ते तपासले जात नाही. एखाद्या कवितेचा सूर शांत असतो, कादंबरीचा शेवट शांत असतो, लेखकाची शैली शांत आणि संयत असते. अशा विधानांत ‘शांत’ हा शब्द वर्णनाचा भासतो, पण प्रत्यक्षात तो बहुधा प्रशंसेचा असतो. त्याने नेमके काय सांगितले, असा प्रश्न विचारला तर उत्तर देणे अवघड जाते. ‘आवाज नाही’, ‘क्षोभ नाही’, ‘हालचाल नाही’ अशी नकारार्थी उत्तरेच पुढे येतात. ज्या शब्दाला आपल्या काव्यशास्त्राने एका रसाच्या नावाचे स्थान दिले आणि ज्यावरून काही शतके वाद झाला, त्या शब्दाची ही अवस्था विचार करायला लावणारी आहे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : ‘शांत’ हे मुळात विशेषण नसून धातुसाधित आहे. त्याच्या पोटात एक क्रियापद दडलेले आहे, आणि त्या क्रियापदाचे दोन अर्थ एकाच रूपात मिसळले आहेत : जो आपण होऊन शमला तो, आणि ज्याला कोणी शमविले तो. संस्कृत वैयाकरणांना हे द्वैत ठाऊक होते. मराठीत येताना शब्द केवळ विशेषण म्हणून स्थिरावला आणि हे द्वैत दृष्टीआड झाले. मात्र ते नाहीसे झाले नाही. काव्यशास्त्रातील शांतरसाचा वाद आणि आपल्या सार्वजनिक भाषेतील ‘शांतते’चा व्यवहार, दोन्ही त्याच्याच भोवती फिरतात. हे दाखविण्यासाठी पुढील विवेचनात व्याकरण आणि काव्यशास्त्र यांबरोबरच उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या लगतच्या तीन गावांचा इतिहास आधाराला घेतला आहे. अकराव्या शतकातील शिलाहार मंदिरापासून २०२४ मधील जनक्षोभापर्यंत या शब्दाच्या वापराच्या अनेक तऱ्हा या छोट्या पट्ट्यात एकत्र सापडतात.

२

‘शम्’ हा चौथ्या गणातील अकर्मक धातू. ‘शाम्यति’ म्हणजे थांबतो, निवतो, विझतो. त्याला ‘क्त’ प्रत्यय लागून स्वर दीर्घ होतो आणि ‘शान्त’ हे रूप सिद्ध होते. सकर्मक धातूला लागणारा ‘क्त’ सामान्यतः कर्मणि असतो : ‘कृत’ म्हणजे केलेले. अकर्मक धातूंच्या बाबतीत मात्र पाणिनीने (३.४.७२) तो कर्तरिही सांगितला आहे : ‘गत’ म्हणजे गेलेला. ‘शान्त’ या नियमाने ‘शमलेला’ ठरतो. येथे कर्ता स्वतःच थांबला आहे. त्याला कोणी थांबविलेले नाही.

परंतु याच धातूचे प्रयोजक रूप ‘शमयति’ असे होते आणि त्याचे अपेक्षित भूतकालवाचक धातुसाधित ‘शमित’. पाणिनीच्या सातव्या अध्यायातील एक सूत्र (७.२.२७) येथे निर्णायक आहे. दान्त, शान्त, पूर्ण, दस्त, स्पष्ट, छन्न, ज्ञप्त ही रूपे प्रयोजक धातूपासूनही विकल्पाने होतात, असे ते सांगते. म्हणजे ‘शमित’च्या अर्थी ‘शान्त’ म्हटलेले चालते. परिणामी ‘शान्तः शत्रुः’ एवढ्यावरून शत्रूचा राग स्वतःहून ओसरला की त्याला कोणी नामोहरम केले, हे कळत नाही. दोन्ही अर्थ व्याकरणशुद्ध आहेत. निर्णय संदर्भाने करायचा.

या शब्दाचा आणखी एक विशेष असा की तो गुण सांगत नाही, घटना संपल्याचे सांगतो. ‘मधुर’ किंवा ‘शुभ्र’ या विशेषणांना भूतकाळ नाही, ‘शान्त’ला आहे. जे शांत आहे ते कधीतरी अशांत होते, ही त्याची पूर्वअट आहे. संस्कृत नाटकांतील पात्रे अमंगळ शब्द कानी पडताच ‘शान्तं पापम्’ म्हणतात, तेव्हा पाप सौम्य व्हावे असा आशय नसतो; ते संपावे, निवारले जावे, असा असतो.

३

या एका शब्दातील गुंतागुंत स्पष्ट व्हावी म्हणून लॅटिनकडे पाहणे उपयोगी ठरते. संस्कृतप्रमाणेच विभक्तिसंपन्न असलेल्या त्या भाषेने शांतपणाच्या छटा वेगवेगळ्या विशेषणांत वाटून दिल्या आहेत. ‘क्विएतुस’ हे विसावणे या अर्थाच्या क्रियापदाचे धातुसाधित, म्हणजे कर्तरि ‘शान्त’चे जवळचे भावंड. ‘प्लाकिदुस’ हे स्वभावतः सौम्य असण्याचे विशेषण. त्याच्या शेजारचे ‘प्लाकातुस’ मात्र प्रयत्नाने प्रसन्न केलेल्याचे, मनधरणी केलेल्या देवतेचे. ‘सेरेनुस’ निरभ्र आकाशाचे. ‘त्रांक्विल्लुस’ प्रामुख्याने लाटा नसलेल्या समुद्राचे आणि त्यावरून मनाचे. सेनेकाने ग्रीक ‘एउथुमिआ’ या संकल्पनेसाठी याच विशेषणापासून झालेले ‘त्रांक्विल्लितास’ हे भाववाचक नाम योजले. चरित्रकार सुएतोनिउसच्या नावाचा अखेरचा घटकही ‘त्रांक्विल्लुस’ हाच.

या मालिकेत आणखी एक शब्द आहे आणि तो सर्वांत बोलका आहे : ‘पाकातुस’. ‘पाक्स’ म्हणजे शांतता, आणि ‘पाकातुस’ म्हणजे शांत केलेला. रोमन सेनानी जिंकलेल्या प्रदेशासाठी तो वापरीत. सीझरने गॉलमधील युद्धांच्या वृत्तान्तात त्या प्रदेशाला हेच विशेषण लावले आहे. तेथे तो शब्द तहाचा नाही, विजयाचा आहे. ‘त्रांक्विल्लुस’ समुद्र आणि ‘पाकातुस’ प्रांत यांच्यातील अंतर लॅटिन वाचकाला शब्दातूनच कळते. आपण दोन्हींना ‘शांत’ म्हणतो.

व्याकरणाच्या अंगानेही ही तुलना फलदायी आहे. ‘क्विएतुस’ पुल्लिंगी, ‘क्विएता’ स्त्रीलिंगी, ‘क्विएतुम’ नपुंसकलिंगी. विशेष्याचे लिंग, वचन आणि विभक्ती विशेषणाने धारण करायची, हा नियम संस्कृत ‘शान्तः, शान्ता, शान्तम्’सारखाच आहे. दोनातुस आणि प्रिस्किआनुस यांच्या व्याकरणांत विशेषण ही स्वतंत्र शब्दजाती नाही. ते नामातच मोडते. धातुसाधिताला मात्र त्यांनी स्वतंत्र जाती मानले, कारण ते नामाचा आणि क्रियापदाचा असे दोघांचेही वाटे घेते : लिंग आणि विभक्ती नामाकडून, काळ क्रियापदाकडून. संस्कृत परंपरेतही ‘विशेषण’ ही शब्दजाती नसून वाक्यातील कार्य आहे. मराठीत विशेषणाचा स्वतंत्र खाना पक्का झाला तो एकोणिसाव्या शतकात, दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून सुरू झालेल्या परंपरेत. या खान्यात टाकल्यावर ‘शांत’ आणि ‘गोड’ शेजारी बसले, आणि ‘शांत’चा क्रियापदाकडून आलेला वाटा कोणाच्या ध्यानात राहिला नाही.

४

मराठीत ‘शांत’ अविकारी आहे : शांत मुलगा, शांत मुलगी, शांत पाणी, शांत मुले. आकारान्त विशेषणांना होणारा विकार (चांगला, चांगली, चांगले) त्याला होत नाही. जुन्या स्त्रीलिंगी रूपाचा अवशेष ‘शांता’ या विशेषनामात तेवढा उरला आहे. अर्थात हे सर्वच व्यंजनान्त उच्चाराच्या तत्सम विशेषणांचे झाले आहे. पण ‘शांत’च्या बाबतीत त्यामुळे अर्थाची हानी झाली. विकार गेला आणि त्याबरोबर शब्द धातुसाधित असल्याची खूणही गेली.

याउलट मराठीची स्वतःची धातुसाधिते हा भेद काटेकोरपणे राखतात. ‘शमणे’ आणि ‘शमविणे’ ही दोन क्रियापदे आपल्याकडे आहेत. तहान शमते, वादळ शमते. वाद शमवावा लागतो. ‘शमलेला’ आणि ‘शमविलेला’ यांत घोटाळा होत नाही, आणि दोन्ही रूपे लिंगवचनानुसार बदलतात. हीच गोष्ट ‘निवणे’ आणि ‘निवविणे’ यांची. निवलेला जीव आणि निवविलेला जीव यांच्यात एका ‘वि’चे अंतर आहे, पण त्या ‘वि’मध्ये निवविणारा उपस्थित असतो. ज्ञानेश्वरीच्या भाषेत या दोन्ही क्रियापदांचा वावर विपुल आहे. गुरुकृपेच्या संदर्भात ‘निवविणे’ येते तेव्हा शांती ही मिळविलेली नसून मिळालेली आहे, हे क्रियापदच सांगते.

शेजारचे इतर शब्दही आपापली हद्द सांभाळून आहेत. ‘संथ’ पाण्याला आणि चालीला लागतो. ‘निवांत’ जागेला आणि वेळेला. ‘निवात’ म्हणजे वारा नसलेला, या शब्दाशी त्याचे नाते जोडले जाते. ‘गप्प’ माणसाला, आणि त्यात बहुधा न बोललेले काही शिल्लक असते. या तिन्हींपैकी एकही शब्द रसाचे नाव होऊ शकला नाही, कारण एकातही ‘संपले’ हा अर्थ नाही.

मराठीने आणखी एक भेद निर्माण केला आहे, जो संस्कृतात या स्वरूपात नाही. ‘शान्ति’ या नामाचे मराठीत ‘शांत’ असे स्त्रीलिंगी रूप रूढ झाले : वास्तुशांत, उदकशांत, साठीशांत. त्यामुळे ‘मुलाला शांत केले’ आणि ‘मुलाची शांत केली’ ही दोन वाक्ये वेगळी झाली. पहिल्यात विशेषण आहे आणि मूल रडायचे थांबले आहे. दुसऱ्यात नाम आहे, क्रियापद त्याच्या लिंगाप्रमाणे चालते, आणि मुलाच्या जन्मनक्षत्राचा दोष विधीने निवारला आहे. विधीच्या शब्दात प्रयोजकता उघड आहे : कोणीतरी कोपणारे आहे, ते कोपू नये म्हणून कोणीतरी काही करते. लॅटिनमधील ‘प्लाकातुस’ देवतेशी या ‘शांती’चे नाते आहे, ‘त्रांक्विल्लुस’ समुद्राशी नाही.

५

या पार्श्वभूमीवर शांतरसाच्या वादाकडे पाहिले म्हणजे त्याचा व्याकरणिक गाभा दिसू लागतो. भरताच्या नाट्यशास्त्रात मुळात आठ रस. पुढे नववा आला तो ‘शान्त’. नऊ रसांच्या नावांत क्तप्रत्ययान्त असे हे एकच. शृंगार आणि वीर ही नामे आहेत. रौद्र, भयानक, अद्भुत ही विशेषणे आहेत, पण ती काहीतरी चालू असल्याचे सांगतात. ‘शान्त’ तेवढा काहीतरी संपल्याचे सांगतो. दहाव्या शतकात माळव्यात मुंजाच्या आश्रयाला असलेल्या धनंजयाने दशरूपकात शमाला नाट्यात स्थान नाकारले, आणि त्यावरील अवलोक टीकेत धनिकाने दिलेले कारण याच अर्थावर उभे आहे. शम म्हणजे सर्व व्यापारांचा लय, आणि लयाचा अभिनय करता येत नाही. ‘शान्त’ हा शब्द शब्दशः घेतला तर या आक्षेपाला उत्तर नाही.

काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने महाभारताचा प्रधान रस शान्त मानला होता. अभिनवगुप्ताने धनिकासारख्यांच्या आक्षेपाला दिलेले उत्तर मार्मिक आहे. कोणत्याही रसाची अंतिम अवस्था रंगभूमीवर दाखविता येत नाही. दाखविली जाते ती तिकडे जाणारी वाट. शांताचीही वाट दाखविता येते. शिवाय त्याच्या मते शांताचा स्थायी हा कोणताही एक विकार नसून आत्मस्वरूपाचे ज्ञान आहे, म्हणजे इतर भाव ज्या भिंतीवर उमटतात ती भिंतच. व्याकरणाच्या परिभाषेत सांगायचे तर अभिनवगुप्ताने ‘शान्त’ला धातुसाधितातून बाहेर काढले आणि मूळ अवस्थेचे नाव केले. या वादाची साद्यंत चर्चा जे. एल. मॅसन आणि म. वि. पटवर्धन यांच्या, पुण्यातून १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आहे. ती मुख्यतः तत्त्वज्ञानाच्या अंगाने आहे. नावाच्या रूपाचा प्रश्न अजून मोकळाच आहे.

हा वाद कोकणापासून फार दूर होता असे समजण्याचे कारण नाही. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातील. छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी या तीन भावांच्या आश्रयाला सोड्ढल हा कवी होता आणि त्याने ‘उदयसुंदरीकथा’ हा चंपू लिहिला. बाराव्या शतकात याच घराण्यातील अपरादित्याने तेजकंठ नावाचा दूत काश्मीरला पाठविला. तेथील पंडितसभेत तो उपस्थित असल्याची नोंद मंखाच्या ‘श्रीकंठचरिता’च्या पंचविसाव्या सर्गात आहे. त्याच सभेत मंखाचा गुरू, ‘अलंकारसर्वस्व’कार रुय्यक, होता. यावरून अंबरनाथचे मंदिर ‘शांतरसाचे’ ठरविणे भाबडेपणाचे होईल. त्याच्या भिंतींवरील देवता, अप्सरा आणि पशू यांची दाटी पाहता तेथे व्यापारांचा लय नव्हे, व्यापारांची गजबजच दिसते; गाभाऱ्यात मात्र पायऱ्या उतरून खाली जावे लागते. एवढे म्हणता येईल की शांत ही रिकामी जागा आहे की सर्व गजबज पोटात घेणारे घर आहे, हा प्रश्न ज्या काळात विचारला जात होता, त्या काळाचा हा प्रदेश साक्षीदार आहे.

मराठीत या प्रश्नाचे उत्तर ज्ञानेश्वरांनी दिले. अकराव्या अध्यायाच्या आरंभी त्यांनी शांताला यजमान कल्पून अद्भुताला त्याच्या घरी पाहुणा म्हणून आणले आहे आणि इतर रसांनाही त्या पंक्तीचा मान दिला आहे. धनिकाच्या शांतात काहीच घडू शकत नव्हते. ज्ञानेश्वरांचा शांत हा गृहस्थ आहे; त्याच्या घरी इतरांचे येणेजाणे चालते. विश्वरूपदर्शनासारखा प्रचंड प्रसंग शांताच्या ओसरीवर घडतो. शमाची ही कल्पना निवृत्तीची नसून आतिथ्याची आहे, आणि मराठी समीक्षेने तिचा पुरेसा लाभ घेतलेला नाही.

तो घेतला असता तर बालकवींच्या ‘औदुंबर’सारख्या कवितेची चर्चा अधिक नेमकी झाली असती. या आठ ओळींच्या कवितेला कोणी प्रसन्न म्हटले, कोणी उदास, कोणी शांत. तिच्यात हिरवळ, झरा, गाव, पायवाट, डोह आणि झाड आहे, पण काही संपल्याची खूण नाही. कोणताही क्षोभ आधी उभा करून मग ओसरू दिलेला नाही. धातुसाधिताच्या अर्थाने ती शांत नाही. फार तर ‘त्रांक्विल्लुस’ आहे, पाण्याच्या पृष्ठभागाइतकी. आणि डोहाचा काळेपणा ध्यानात घेतला तर तो पृष्ठभागही खाली काय आहे ते सांगत नाही. ‘शांत’ हे विशेषण येथे कवितेचे उत्तर म्हणून न देता प्रश्न म्हणून विचारायला हवे.

६

साहित्याबाहेर हे द्वैत अधिक गंभीर होते, कारण तेथे ‘कोणी शमविले’ हा प्रश्न माणसांशी निगडित असतो.

फाळणीच्या इतिहासात पंजाबच्या तुलनेत सिंधमधून झालेले स्थलांतर ‘शांत’ होते, असे वारंवार लिहिले जाते. हत्याकांडांच्या प्रमाणाचा विचार करता हे विधान खोटे नाही. पण ६ जानेवारी १९४८ च्या कराचीतील हिंसाचारानंतर सिंधी हिंदूंचा ओघ वाढला. बोटींनी मुंबईला उतरलेल्या हजारोंची सोय कल्याणजवळच्या, दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी उभारलेल्या छावण्यांत करण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीच्या नगराची कोनशिला बसविण्यात आली आणि जवळच्या नदीवरून ते ‘उल्हासनगर’ झाले. ‘उल्हास’ म्हणजे ‘उल्लास’ : वर उसळणे, झळकणे. ‘शम्’च्या नेमका उलट जाणारा धातू. नावात उसळणे आणि इतिहासात शांत, अशा दोन शब्दांमध्ये या गावाची पहिली पिढी उभी आहे. त्या पिढीचे स्थलांतर शांत होते याचा अर्थ ती आपण होऊन निघाली, असा घ्यायचा की तिला निघण्यावाचून गत्यंतर ठेवले गेले नाही, असा? ‘तुलनेने शांत’ या प्रयोगात तुलना आहे, पण कर्ता नाही. इतिहासकाराने एका विशेषणावर एवढे ओझे टाकू नये.

बदलापूरचे उदाहरण अगदी अलीकडचे. २० ऑगस्ट २०२४ रोजी दोन लहान शाळकरी मुलींवरील अत्याचाराच्या निषेधार्थ नागरिकांनी रेल्वेमार्ग अनेक तास रोखून धरला. संध्याकाळी लाठीमार करून तो मोकळा करण्यात आला. अशा प्रसंगांच्या वृत्तान्तात तीन वाक्ये हमखास येतात : ‘शांत राहण्याचे आवाहन’, ‘जमावाला शांत करण्यात आले’, ‘परिस्थिती शांत झाली’. पहिल्यात आज्ञार्थ आहे. दुसऱ्यात प्रयोजक आहे, पण ‘करण्यात आले’ या रचनेने करणारा झाकला गेला आहे. तिसऱ्यात प्रयोजकही उरत नाही. परिस्थिती जणू आपण होऊन शमली. पाणिनीने एका रूपात मान्य केलेले दोन अर्थ येथे तीन वाक्यांत एकमेकांत विरून जातात, आणि ‘पाकातुस’ प्रांत पाहता पाहता ‘त्रांक्विल्लुस’ समुद्र होतो. क्षोभाचे कारण निवले की केवळ क्षोभ हटविला, हे वाचकाला कळत नाही. मराठीत ‘शमले’ आणि ‘शमविले’ ही दोन स्पष्ट क्रियापदे उपलब्ध असताना वृत्तभाषा ‘शांत’कडे वळते. तो शब्द प्रामाणिकपणे दोन्ही अर्थ देतो; सोयीचा अर्थ निवडण्याचे काम आपले असते.

७

या विवेचनातून समीक्षेसाठी निघणारा निष्कर्ष मर्यादित पण उपयोगी आहे. ‘शांत’ हे विशेषण टाळावे असे सुचवायचे नाही. ज्या शब्दाने एका रसाचा भार वाहिला तो टाकून देण्याजोगा नाही. मात्र ते लावताना तीन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत : येथे काय चालू होते, ते कशाने थांबले, आणि थांबल्यावर ती जागा रिकामी राहिली की ज्ञानेश्वरांच्या यजमानासारखी इतरांना सामावून घेणारी झाली. यांपैकी काहीच सांगता येत नसेल तर ‘संथ’, ‘निवांत’, ‘गप्प’ असे अधिक नेमके आणि अधिक नम्र शब्द मराठीजवळ आहेत.

विशेषतः दुःखाच्या आणि अन्यायाच्या साहित्याची चर्चा करताना ही सावधगिरी अत्यावश्यक ठरते. एखाद्या आत्मकथनाच्या शेवटी आलेल्या स्थिरतेला आपण ‘शांत’ म्हणतो, तेव्हा तो लेखक निवला आहे असे म्हणतो की त्याला निवविले गेले आहे असे म्हणतो, याचा निर्णय संहितेतील क्रियापदांवरून करावा लागेल, आपल्या अभिरुचीवरून नव्हे. तो जर केवळ गप्प असेल आणि आपण त्याला शांत म्हटले, तर समीक्षाही वृत्तान्तलेखकाच्याच पंक्तीला जाऊन बसेल.